प्राचीन नाण्यांचा अभ्यास व संग्रह : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक प्रारंभिक विवेचन

प्रस्तावना

जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात आजही ऐकू येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शतकानुशतके एकाच जागी मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, पडल्या, त्यांत चुलींची राख मिसळत गेली आणि त्या जागेचा रंगच पालटला. गाव उठून गेले तरी पांढरी राहते. महसुली दप्तरात अशा ओसाड गावाची नोंद 'रीठ' म्हणून आढळते. पैनगंगा, वर्धा, पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा यांच्या काठच्या अशा टेकाडांवर पहिल्या पावसाने माती धुपली की खापरे, मणी, बांगड्यांचे तुकडे वर येतात आणि कधी कधी एखादी हिरवट-काळी धातूची चकतीही हाती लागते.

ही चकती पुष्कळदा एखाद्या विद्यार्थ्याच्या खिशातून महाविद्यालयापर्यंत पोहोचते. तो शिक्षकाला दोन प्रश्न विचारतो : हे नाणे कोणाचे आणि याची किंमत किती येईल? त्यावर शिक्षकाने विचारावयाचा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : हे नेमके कोठे मिळाले? प्रस्तुत लेखात प्राचीन नाण्यांच्या अभ्यासाची व संग्रहाची सुरुवात कशी करावी याचे विवेचन या तिसऱ्या प्रश्नाला मध्यवर्ती मानून केले आहे. नाण्याचे प्राप्तिस्थान हरवले तर उरते ती एक जुनी वस्तू. तिच्यातील इतिहास बहुतांशी गेलेला असतो आणि तो पुढे कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

तऱ्हाळ्याचा नाणेनिधी

या विधानाचे सर्वांत जवळचे उदाहरण यवतमाळच्या शेजारीच आहे. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा हे गाव १९३९ साली अकोला जिल्ह्यात होते; १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात मोडते. तेथे त्या वर्षी सातवाहन राजांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा सापडला. पोटीन म्हणजे तांबे, शिसे व कथील यांचे मिश्रण. त्यास धातू म्हणून फारसे मोल नाही. सुमारे १६०० नाण्यांच्या या निधीचा अभ्यास महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केला आणि भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात तो प्रसिद्ध झाला. नाण्यांच्या एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व त्याभोवती ब्राह्मी लेख आहे. दुसऱ्या बाजूस 'उज्जैन चिन्ह' या नावाने ओळखली जाणारी, अधिकचिन्हाने जोडलेल्या चार वर्तुळांची आकृती आहे.

नाणी दिसावयास सामान्य, परंतु त्यांवरील नावे सामान्य नव्हती. पुळुमावी, यज्ञ सातकर्णी, विजय सातकर्णी अशा परिचित राजांबरोबर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी ही नावे मिराशींना वाचता आली. पुराणांतील आंध्र राजांच्या याद्यांत ही तीन नावे नाहीत. कोणत्याही ग्रंथात ज्यांचा मागमूस नाही असे राजे वऱ्हाडातील एका गावाच्या मातीतून इतिहासात आले, आणि सातवाहन सत्तेच्या उत्तरकाळात विदर्भाचे स्थान काय होते या प्रश्नास नवे वळण मिळाले.

येथे एक तांत्रिक बाब विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. या प्रकारच्या नाण्यांत ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे कोणत्याही एका नाण्यावर संपूर्ण लेख उमटत नाही. एखाद्यावर आरंभीची तीन-चार अक्षरे येतात, दुसऱ्यावर मधली, तर तिसऱ्यावर अखेरची. लेख पूर्ण करावयाचा तर एकाच प्रकारची अनेक नाणी शेजारी शेजारी मांडून तुटक अक्षरे जुळवावी लागतात. म्हणजेच तऱ्हाळ्याची नाणी एकत्र राहिली हीच त्यांच्या वाचनाची पूर्वअट होती. तीच नाणी मुठी-मुठीने दहा बाजारांत विकली गेली असती, तर एका संग्राहकाकडे 'सातक' एवढेच उरले असते आणि दुसऱ्याकडे हत्तीचे मागचे दोन पाय. कुंभ सातकर्णी मग कोणासही भेटला नसता.

याहून प्रसिद्ध असे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथील उदाहरण आहे. १९०६ साली तेथे क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा निधी मिळाला. त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे पुन्हा मारलेले होते. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतोच, परंतु तो लेख विजेत्याच्या घराण्यातील आहे. नाणेनिधीने त्याला स्वतंत्र साक्ष दिली. पराभूत राजाचे चलन बाजारातून गोळा करून त्यावर नव्या सत्तेचा शिक्का मारण्याचे काम चालू होते, हे त्या प्रमाणावरूनच दिसते. एक सुटे नाणे ही साक्ष देऊ शकले नसते.

सुरुवात कोठून करावी

प्राचीन नाण्यांच्या अभ्यासाची सुरुवात प्राचीन नाण्यांपासून करू नये, असे म्हटल्यास ते विचित्र वाटेल. परंतु नवशिक्याच्या दृष्टीने ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणेच हिताचे ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक घरांच्या पेट्यांत, देव्हाऱ्यांत आणि अलंकारांत पुरेशी सामग्री आहे. वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांची दोअमली होती. १८५३ मध्ये हा प्रदेश निजामाने इंग्रजांकडे सोपविला. परिणामी एकाच पेटीत हैदराबादचा हाली शिक्का आणि व्हिक्टोरिया राणीचा रुपया शेजारी सापडल्यास नवल नाही. बंजारा समाजातील स्त्रियांच्या पारंपरिक दागिन्यांत रुपयांचे हार असत. पुतळ्यांच्या माळेचा उगम तर व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यांपर्यंत नेला जातो. विद्यार्थ्याने ही नाणी घरच्या माणसांच्या परवानगीने पाहावीत, तोलावीत, त्यांची चित्रे काढावीत. विकत काहीच घ्यावे लागत नाही.

त्यानंतरची पायरी शिवराईची. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, प्रचारात आलेले हे तांब्याचे नाणे एकोणिसाव्या शतकापर्यंत निरनिराळ्या टांकसाळींतून निघत राहिले. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्र पति' हा लेख नागरी लिपीत असल्याने वाचनाचा आत्मविश्वास येतो. अक्षरांची वळणे, ओळींमधील रेघा, ठिपके व चिन्हे यांत एवढे भेद आहेत की केवळ शंभर शिवराया लावून ठेवणाऱ्याची नजर तयार होते. अर्धा लेख चकतीबाहेर जाणे, ठसा सरकणे, ठशाला तडा जाणे हे सारे येथे स्वस्तात शिकता येते. ज्याला शिवराईवरील अर्धवट 'छत्र' ओळखता येत नाही, त्याने सातवाहनांच्या वाटेस जाण्याची घाई करू नये.

प्रत्यक्ष प्राचीन नाण्यांत पहिला परिचय आहत नाण्यांचा करून घ्यावा. चांदीच्या तुकड्यावर निरनिराळे छोटे ठसे स्वतंत्रपणे मारून ही नाणी तयार होत. 'आहत' हा शब्द पाणिनीच्या सूत्रातही येतो. त्यांवर राजाचे नाव नसते. मगधाच्या मालिकेतील नाण्यांवर बहुधा पाच चिन्हे असून सूर्य व षडर चिन्ह ही त्यांतील नित्याची. या कार्षापणाचे प्रमाणित वजन ३२ रती, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम. रतीचे मूळ गुंजेच्या बीमध्ये आहे, आणि गुंजेचा वेल येथील रानात अजूनही दिसतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शंभर गुंजा तोलून सरासरी काढून पाहण्यासारखी आहे. एकेका बीच्या वजनात फरक किती पडतो हे कळले की प्राचीन वजनमापांविषयीची पुष्कळशी पुस्तकी निश्चिती आपोआप ढिली होते.

वाचन व मोजमाप

ब्राह्मीचे नाव ऐकून पुष्कळ अध्यापक मागे सरतात. ही भीती अनाठायी आहे. सातवाहन नाण्यांवरील शब्दसंग्रह अगदी तोकडा आहे. 'रञो सिरि सातकणिस' म्हणजे 'राजा श्री सातकर्णीचे'. हे षष्ठीचे रूप असून 'नाणे' हा शब्द अध्याहृत आहे. र, ञ, स, त, क, ण, य, प, म, व आणि ल ही अक्षरे व दोन-तीन स्वरचिन्हे आली की मोठा भाग वाचता येतो. मराठीच्या व संस्कृतच्या अध्यापकांना प्राकृताची ओळख असतेच; त्यांना हे काम इतिहासाच्या अध्यापकांपेक्षाही सोपे जावे. ब्राह्मीच्या उलगड्यातही नाण्यांचा वाटा आहे. १८३६ मध्ये ख्रिश्चन लासेन या विद्वानाने अगाथोक्लीस या भारतीय-ग्रीक राजाच्या द्विभाषिक नाण्यावरील ग्रीक लेखाच्या आधारे ब्राह्मीतील नाव वाचले, आणि पुढच्याच वर्षी जेम्स प्रिन्सेप यांनी संपूर्ण वर्णमालेचा उलगडा केला.

क्षत्रपांची चांदीची नाणी नवशिक्याला अधिक उदार आहेत. त्यांवर राजाचे व त्याच्या पित्याचे अशी दोन्ही नावे असतात, आणि दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून राजाच्या मस्तकामागे शक संवत्सराचे आकडेही येतात. वंशावळ आणि कालगणना हातात धरता येईल असे दुसरे चलन प्राचीन भारतात विरळाच.

मोजमापासाठी वेगळ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. साधने महाविद्यालयात आहेतच, ती वेगवेगळ्या कपाटांत बंद आहेत एवढेच. भौतिकशास्त्र विभागाच्या व्हर्निअर कॅलिपरने व्यास व जाडी, रसायनशास्त्र विभागाच्या तराजूवर शतांश ग्रॅमपर्यंत वजन, जीवशास्त्राच्या भिंगाखाली अक्षरे. हवेत व पाण्यात तोलून काढलेली घनता धातूचा ढोबळ अंदाज देते. चांदीचा मुलामा दिलेले तांबे अशा वेळी बहुधा उघडे पडते. दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, तिरप्या प्रकाशात घ्यावीत. आज त्यास भ्रमणध्वनीचा कॅमेराही पुरतो.

येथे एक इशारा देणे भाग आहे. सापडलेले नाणे चिंचेने, लिंबाने वा राखेने घासण्याची घरोघरची सवय अभ्यासाचा घात करते. हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. तो शतकांच्या रासायनिक क्रियेने बनलेला असतो आणि अक्षरांचे उंचवटे पुष्कळदा त्या थरातच टिकून असतात. नाणे चकचकीत होते, लेख मात्र जातो. सुटी माती ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून मऊ कुंचल्याने काढावी व तेथेच थांबावे. शिशाच्या नाण्यांस पाणीही जपूनच लावावे. सागाच्या जिल्ह्यात लाकडी कपाटाचा मोह स्वाभाविक आहे, परंतु लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफेने शिसे पांढरे पडून भुकटी होऊ लागते. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्याही कालांतराने तांब्यावर हिरवट चिकट थर आणतात. आम्लरहित कागदाची पाकिटे व पत्र्याचे कपाट ही साधी व्यवस्था उत्तम.

बाजार, बनावट आणि मागणी

बनावट नाण्यांविषयी थोडक्यातच सांगता येईल, कारण ती ओळखण्याची विद्या खरी नाणी हाताळूनच येते. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची जोडरेघ, पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे व बोथट अक्षरे दिसतात. दोन नाण्यांवर एकच ओरखडा अगदी त्याच जागी असेल तर संशय पक्का समजावा. महाविद्यालयाने पहिली काही वर्षे काहीच खरेदी करू नये हे बरे.

याचे कारण केवळ फसवणूक नाही. प्राचीन नाण्यांना मागणी निर्माण झाली की पांढरीवर रात्री खड्डे पडू लागतात, धातुशोधक यंत्रे येतात. खणणाऱ्यास थर, खापरे, चूल यांच्याशी देणेघेणे नसते. दहा रुपयांच्या नाण्यासाठी दोन हजार वर्षांची वस्ती चाळली जाते. संग्राहकांनी नाणकशास्त्रास दिलेले योगदान फार मोठे आहे हे मान्य करूनही, प्राप्तिस्थान न विचारता खरेदी करणारा संग्राहक या नासधुशीत भागीदार होतो हे नाकारता येत नाही.

वाकाटकांच्या नाण्यांचा वाद या संदर्भात विचार करण्यासारखा आहे. विदर्भात उदयास आलेले हे घराणे. त्याची एक शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथे राज्य करीत होती. त्यांचे ताम्रपट बरेच उपलब्ध आहेत, परंतु त्यांनी स्वतःची नाणी पाडली नाहीत असे दीर्घकाळ मानले गेले. नागपूर विद्यापीठातील अजय मित्र शास्त्री व अन्य अभ्यासकांनी तांब्याची काही लहान नाणी वाकाटकांची म्हणून पुढे आणली. त्यावर अद्याप एकमत नाही. त्यांपैकी अनेक नाणी उत्खननाच्या थरांतून नव्हे, तर संग्राहकांच्या हातून पुढे आली, हे मतभेदाचे एक महत्त्वाचे कारण होय. पूस किंवा पैनगंगेच्या काठच्या एखाद्या पांढरीवरचे असे एक नाणे, जागेच्या व सोबतच्या खापरांच्या नोंदीसह मिळाले, तर ते बाजारातील शंभर नाण्यांहून मोलाचे ठरेल.

कायद्याची बाजू

नाणे सापडले की शेतकऱ्याच्या मनात प्रथम भय येते. पोलीस येतील, जमीन सरकारजमा होईल, या समजुतीने वस्तू लपविली जाते, नाहीतर मोडीत जाते. म्हणून शिक्षकास कायद्याची प्राथमिक माहिती असणे अगत्याचे आहे.

१८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. ती न दिल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जिल्हाधिकारी चौकशी करून निधी बेवारस ठरवितो. शासनाने तो घेतला नाही आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश भाग शोधणाऱ्यास व उरलेला मालकास मिळावा अशी तरतूद आहे. जमीन काढून घेण्याची कोणतीही गोष्ट त्यात नाही. एखादे सुटे नाणे 'दडविलेले' म्हणावे की 'हरवलेले', याविषयी मतभेद संभवतात. साठा असेल तर मात्र संदेहास जागा नाही.

१९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम शंभर वर्षांहून जुन्या नाण्यास पुरावस्तू मानतो. असे नाणे जवळ बाळगणे हा गुन्हा नाही. परंतु त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही.

१८७८ च्या कायद्यातील एका कलमाची मात्र चिकित्सा व्हावयास हवी. शासनाने निधी स्वतःसाठी घेतल्यास हक्कदारास धातूची किंमत व तिचा एक पंचमांश एवढी रक्कम देण्याची मूळ तरतूद आहे. सोन्याच्या बाबतीत ती मोठी रक्कम होईल. पण तऱ्हाळ्यासारख्या पोटीन नाण्यांचे काय? दीड हजार नाण्यांच्या मिश्रधातूची मोडकिंमत आज काही हजारांच्या पुढे जाणार नाही, आणि तीच नाणी बाजारात कितीतरी अधिक देऊन जातील. इतिहासाच्या दृष्टीने जे सर्वांत मौल्यवान, त्यालाच कायदा सर्वांत कमी मोल देतो. प्रामाणिक शेतकऱ्याला येथे तोटा पत्करावा लागतो, हे त्याच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ च्या कायद्याने निधीचा मोबदला बाजारभावावर बेतला जातो, आणि १९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या योजनेत सामान्य लोकांना सापडलेल्या सुट्या वस्तूंची केवळ नोंद करून त्या त्यांच्याकडेच परत दिल्या जातात. आजवर तेथे लाखो वस्तूंची नोंद झाली आहे.

महाविद्यालयाची नोंदवही

अशी नोंद ठेवण्यास महाविद्यालयास कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. यवतमाळला संकलनाची परंपरा आहे. यशवंत खुशाल देशपांडे यांच्या शारदाश्रमाने महानुभाव पोथ्यांच्या शोधाचे व जतनाचे काम याच गावातून केले, आणि तेही विद्यापीठीय साधनांवाचून. नाण्यांच्या बाबतीत पोथीइतकाही खर्च नाही. पुढील अभ्यासासाठी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय जवळ आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्थाही आहे.

नोंदवही साधी, पण पाने क्रमांकित असावी. अनुक्रमांक, दिनांक, धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे वर्णन, वाचता आलेली अक्षरे जशीच्या तशी लिहावीत. न दिसणारे अक्षर तर्काने भरू नये, तेथे रिकामी जागा सोडावी. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा रकाना : गाव, तालुका, गट क्रमांक, काळीत की पांढरीवर, नांगरताना की पावसानंतर, सोबत काय होते. ही माहिती आणणाऱ्याच्या समक्ष, त्याच्याच शब्दांत लिहावी. आठवड्यानंतर ती बदललेली असते. नियतकालिकात प्रसिद्धी देताना मात्र गाव व तालुका एवढेच द्यावे आणि गट क्रमांक दप्तरात ठेवावा, अन्यथा लेख प्रसिद्ध होताच तेथे कुदळी पोहोचतील. संशोधनात पूर्ण माहिती उघड करण्याचा दंडक आहे खरा, पण येथे तो थोडा सैल करणेच योग्य. साठा असल्याचे दिसल्यास नोंदीबरोबरच जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाच्या सूचनेचा मसुदा शिक्षकाने शेतकऱ्यास लिहून द्यावा, आणि त्याची पोच येईपर्यंत पाठपुरावा करावा.

शेवटचा रकाना 'नाणे सध्या कोठे आहे' असा असावा. सुट्या नाण्याच्या बाबतीत तेथे 'आणणाऱ्याच्या घरी' असे लिहावे लागले तर त्यात काहीही कमीपणा नाही. छायाचित्र, वजन आणि जागा हाती आलेली असते, आणि पुढल्या पावसाळ्यात तोच विद्यार्थी दुसरे नाणे घेऊन येण्याची शक्यता त्यामुळेच अधिक असते.